बॅलिस्टिक कोइफिशंट: छापील आणि मोजलेला

प्रश्न

०.३०८ इंच व्यासाच्या, १६८ ग्रेन वजनाच्या सिएरा मॅचकिंग गोळीचा बॅलिस्टिक कोइफिशंट, म्हणजे हवेत वेग टिकवून धरण्याच्या क्षमतेचा आकडा, कंपनीने ०.४६२ दिला आहे. बॅलिस्टिक्सतज्ज्ञ ब्रायन लिट्झ यांनी गोळ्या झाडून मोजलेला आकडा ०.२१८ आहे. कंपनीने तो दुपटीने फुगवला आहे का? लेखात 'प्रक्षेप-गुणांक' आणि 'खरा प्रक्षेप-गुणांक' असे शब्द वापरले तर चालतील का?

प्रतिसाद

'गुणांक' चालेल. बीजगणितात आपण 'सहगुणक' म्हणतो, पण घर्षण, प्रसरण यांच्या जोडीला 'गुणांक'च रुळला आहे. एकदा पूर्ण नाव द्या आणि पुढे सरळ 'बीसी' लिहा, नेमबाज तेच म्हणतात.

जपायला हवं ते 'गोळी' या शब्दाला. बोलताना आपण अख्ख्या काडतुसालाही गोळी म्हणतो. बीसी काडतुसाचा नसतो. दारू जळून जाते, पितळी पुंगळी मागे राहते आणि नळीतून जे उडत जातं त्याचा हा आकडा. लेखाच्या सुरुवातीलाच हे सांगून टाका.

आता दुपटीचं. आकडा फुगवलेला नाही, दोन्हींची मापं वेगळी आहेत: ०.४६२ जी-१ मापातला, ०.२१८ जी-७ मापातला. ठरावीक आकाराच्या एका प्रमाण-गोळ्याच्या मानाने आपली गोळी वेग किती टिकवून धरते, हे बीसी सांगतो. जी-१ मापातला प्रमाण-गोळा आखूड नाकाचा आणि सपाट बुडाचा आहे. त्याचं मूळ जर्मनीत क्रुपच्या कारखान्याने १८८१ मध्ये केलेल्या चाचण्यांत आहे. जी-७ चा प्रमाण-गोळा लांब नाकाचा, मागे निमुळता होत गेलेला, म्हणजे आजच्या लांब पल्ल्याच्या गोळीसारखा.

हिशेब करून बघा. ७००० ग्रेनचा एक पौंड, म्हणून १६८ ग्रेन म्हणजे ०.०२४ पौंड. त्याला इंचातल्या व्यासाच्या वर्गाने भागलं की ०.२५३ येतात. हा आकडा दोन्ही मापांत तोच. त्याला बीसीने भागलं की प्रमाण-गोळ्याच्या मानाने हवेचा अडथळा किती ते कळतं. ०.२५३ ला ०.४६२ ने भागलं तर ०.५५, म्हणजे जी-१ च्या जुन्या घाटापेक्षा या गोळीच्या आकाराला हवेचा अडथळा निम्म्याहून थोडाच जास्त. तेच ०.२५३, ०.२१८ ने भागले तर १.१६, म्हणजे जी-७ च्या आकारापेक्षा १६ टक्के जास्त. गोळी एकच आहे.

प्रतिसाद

वरचं पटलं, पण माप एकच धरलं तरी छापील आणि मोजलेला आकडा जुळेलच असं नाही. ०.४६२ हा सिएराचा फक्त २६०० फूट प्रतिसेकंदाच्या वरचा आकडा आहे. वेग उतरत जातो तसा कंपनी स्वतःच ०.४४७, ०.४२४ आणि १६०० च्या खाली ०.४०५ देते. जाहिरातीत बहुतेक वेळा पहिलाच आकडा झळकतो, आणि हजार यार्डांचा हिशेब त्याच्यावर केला की गोळी अपेक्षेपेक्षा खाली लागते.

हवेचाही फरक असतो. जुने अमेरिकी आकडे 'आर्मी मेट्रो' या अमेरिकी लष्कराच्या प्रमाण-हवेवर (ठरवून दिलेलं तापमान, दाब वगैरे) काढलेले, तर लिट्झ यांचे 'आयकाओ' या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या प्रमाण-हवेवर. मेट्रोचा आकडा आयकाओवर आणताना सुमारे २ टक्क्यांनी उतरवावा लागतो. शिवाय हॉर्नाडी या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीने २०१५ मध्ये, गोळीचा वेग वाटभर मोजणाऱ्या डॉप्लर रडारवर दाखवून दिलं, की प्लॅस्टिकचं टोक लावलेल्या गोळ्यांचं टोक वेगाने उडताना तापून बिघडतं आणि वाटेतच बीसी घसरतो. जवळच्या अंतरावर मोजणाऱ्याला हे दिसणारच नाही.

म्हणूनच 'खरा' हा शब्द मला अजिबात नको आहे. मोजणीतही चूक होते. ही गोळी २६५० ने निघाली तर पहिल्या १०० यार्डांत साधारण २०० फूट प्रतिसेकंद वेग गमावते. पुढच्या-मागच्या दोन वेगमापकांपैकी एक १० ने चुकला, की बीसी ५ टक्क्यांनी हलला. कंपनीचा तो 'छापील' आणि झाडून काढलेला तो 'मोजलेला' म्हणा. छापील किमतीमुळे हा शब्द सगळ्यांच्या ओळखीचा आहेच.

प्रश्नकर्ता

मग ५० मीटर रायफलच्या लेखात हा तपशील हवा का? स्वप्नील कुसाळे यांच्या २०२४ च्या पॅरिसमधल्या कांस्यपदकावर लिहितो आहे.

प्रतिसाद

तिथे नको. अंतर ठरलेलं आणि थोडं, साइट त्याच अंतराला लावलेली, त्यामुळे गोळी किती खाली येईल हे बीसीवरून काढायची वेळ येत नाही. लांब पल्ल्यावर लिहाल तेव्हा मात्र आकडा एकटा सोडू नका. 'जी-७ बीसी ०.२१८, मोजलेला, आयकाओ हवा' असं लिहा. छापील आकडा असेल तर तो कोणत्या वेगाचा, तेही.