वर्गातले तक्ते ठेवावेत की काढावेत?

प्रश्न: मी चौथीला शिकवते. चारही भिंती तक्त्यांनी भरल्यात, पण मुलांचं लक्ष फळ्यापेक्षा तिकडेच. काढू का?

खडूवाली: फळ्यालगतचे तरी काढाच. २०१४ च्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या प्रयोगात खच्चून सजवलेल्या खोलीत लहान मुलं जास्त भरकटली, शिकलीही कमी.

मागचा बाक: आणि आवाज? १९७५ चा न्यूयॉर्कमधल्या एका शाळेचा अभ्यास आहे. रेल्वेरुळांकडच्या वर्गांतली मुलं वाचनात मागे होती. रुळांना रबर आणि वर्गांना आवाज शोषणारं छत बसवल्यावर तो फरक गेला. तक्ते राहू द्या हो, आधी शेवटच्या बाकावर बसून ऐका.

प्रश्नकर्ती: बसले. पंख्याच्या खडखडाटात सात आणि साठ एकच ऐकू येतात! मुख्याध्यापिकांना सांगते. पाढ्यांचा तक्ता मात्र मागच्या भिंतीवर जाईल, मुलांनीच रंगवलाय तो.