पोलीस व्यवस्थापनाच्या अभ्यासासाठी संशोधनपद्धती शिकायची आहे. सुरुवात कोठून करावी?

डिचोलीवासी यांचा प्रश्न

नमस्कार. मी उत्तर गोव्यातील एका पोलीस स्थानकावर उपनिरीक्षक असून नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने पोलीस प्रशासनाचा अभ्यासक्रम करीत आहे. लघुप्रबंधासाठी मी पुढील विषय निवडला आहे : रात्रीची नाकाबंदी वाढवल्याने मद्यपान करून वाहन चालवणे आणि त्यातून होणारे अपघात खरोखर कमी होतात का? नोंदींची उणीव नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ (मद्यपान करून वाहन चालवणे) खालील कारवाया, अपघातांची नोंद, कोणाची ड्युटी कोठे होती याची नोंदवही, हे सारे रीतसर परवानगी घेऊन पाहता येईल. गृहीतक, चल, नमुना यांच्या व्याख्या वाचून कळतात, पण समोरच्या नोंदवहीचे नेमके काय करावे हे त्यांतून उमगत नाही. शिवाय नाकाबंदीवर उभे राहणाऱ्या कॉन्स्टेबलांची मतेही मला घ्यायची आहेत. मात्र उपनिरीक्षकाने विचारल्यावर साहेबांना रुचेल तेच उत्तर मिळेल, अशी भीती वाटते. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

फोंड्याच्या निवृत्त प्राध्यापिका

आपला विषय चांगला आहे, कारण त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ यांपैकी काहीही येऊ शकते. व्याख्या काही दिवस बाजूला ठेवा आणि प्रत्येक नोंदीला एकच प्रश्न विचारा : ही नोंद कागदावर येण्यासाठी कोणाला काय करावे लागले? कलम १८५ खालील कारवाया वाढल्या, तर मद्यपी चालक वाढले असे सिद्ध होत नाही, कारण नाकाबंदी वाढली की कारवाया वाढणारच. तो आकडा पोलिसांचे श्रम मोजतो, चालकांचे वर्तन मोजत नाही. किरकोळ धडक जागच्या जागी मिटवली जाते आणि तिची नोंदच होत नाही. मृत्यूची नोंद मात्र सहसा सुटत नाही, म्हणून तो आकडा अधिक विश्वासार्ह असतो. पोलीस व्यवस्थापनात एवढा एक विवेक आला तरी मासिक आढावा बैठकीतील अर्धे वाद मिटतील, असे माझे प्रामाणिक मत आहे.

दुसरी गोष्ट तुलनेची. आपल्याकडे ऑक्टोबर ते मार्च हा पर्यटकांचा हंगाम असतो आणि त्यानंतर पावसाळा येतो, त्यामुळे मे महिन्याची तुलना जुलैशी करणे व्यर्थ आहे. मागील वर्षांचे तेच महिने घ्या. त्याहूनही बळकट तुलना आपल्या नोंदवहीतच आहे. नाकाबंदी रात्री असते, तेव्हा त्याच रस्त्यावरील दिवसाचे अपघातही मोजा. रस्ता दुरुस्त झाला, वाहतूक वळवली किंवा पाऊस लांबला, तर त्याचा परिणाम दिवसाच्या आकड्यांवरही बहुधा दिसेल. नाकाबंदीचा परिणाम मात्र मुख्यतः रात्रीच दिसायला हवा. लोकसंख्येमागे प्रमाण काढतानाही जपून काढा. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या सुमारे १४.५८ लाख होती, पण कळंगुटच्या रस्त्यावर डिसेंबरात असणारी माणसे त्या गणनेत मावत नाहीत.

आणखी एक सापळा असा की, नाकाबंदी बहुधा नुकतेच अपघात वाढलेल्या ठिकाणी लावली जाते. असा उंचावलेला आकडा काही न करताही पुष्कळदा पुन्हा नेहमीच्या पातळीवर येतो आणि श्रेय नाकाबंदीला मिळते. हा सापळा टाळणारा एक प्रयोग राजस्थान पोलिसांनी अर्थशास्त्रज्ञांसोबत केला आहे. कोणत्या स्थानकांच्या हद्दीत नाकाबंदी असावी आणि ती एकाच जागी असावी की जागा बदलत राहावी, हे तेथे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यादृच्छिक पद्धतीने ठरवले गेले. जागा बदलणाऱ्या नाकाबंदीमुळे रात्रीचे अपघात सुमारे १७ टक्के आणि रात्रीचे मृत्यू सुमारे २५ टक्के घटले, तर एकाच ठिकाणच्या नाकाबंदीचा तसा ठोस परिणाम दिसला नाही. तो अहवाल पद्धतीच्या पुस्तकांआधी वाचावा, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. त्याच राज्यातील १६२ पोलीस स्थानकांवर झालेला सुधारणांचा अभ्यासही पाहा. त्यात प्रशिक्षणाचा आणि बदल्या थांबवण्याचा चांगला परिणाम दिसला. साप्ताहिक सुट्टीसारख्या योजना मात्र कागदावर असूनही स्थानकांच्या पातळीवर नीट राबवल्याच गेल्या नाहीत. एखादी योजना निष्फळ ठरली की ती राबवलीच गेली नाही, हे वेगळे करून सांगणे संशोधकाचे कर्तव्य आहे. आपली ड्युटीची नोंदवही नेमकी तेथे उपयोगी पडेल.

मडगावहून एक अधिकारी

बाईंनी आकड्यांविषयी लिहिले आहे, मी कॉन्स्टेबलांच्या मुलाखतींविषयी लिहितो. आपल्या स्वतःच्या स्थानकावर मुलाखती घेऊ नका. शक्य असल्यास खात्याबाहेरील विद्यार्थ्याकडून, गणवेश व स्थानक दोन्हींपासून दूर, त्या घेतल्या जाव्यात. ‘नाकाबंदी उपयुक्त आहे का?’ असे विचारल्यास सर्वजण ‘होय’ म्हणतील. त्याऐवजी ‘मागच्या नाकाबंदीत किती वाजेपर्यंत उभे होता, अल्कोमीटर (श्वासातील मद्य मोजणारे उपकरण) चालू होता का, कोणती वाहने सोडून दिली आणि का?’ असे घडलेल्या गोष्टींविषयी विचारावे. लेखी प्रश्नावली मराठीत असली तरी बोलणे कोंकणीत होऊ द्या, कारण मन त्याच भाषेत मोकळे होते. नाव वगळले म्हणजे ओळख लपते असे मानू नका. ज्या स्थानकात दोनच महिला कॉन्स्टेबल आहेत, तेथे ‘महिला, दहा वर्षे सेवा’ एवढे लिहिल्यावर व्यक्ती कोण ते सर्वांना कळते. या बाबतीत काळजी घेतली नाही, तर त्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते, आणि ते कोणत्याही प्रबंधापेक्षा गंभीर आहे.

डिचोलीवासी

बाई, साहेब, मनःपूर्वक आभार. दिवस आणि रात्र यांच्या तुलनेची कल्पना मला सुचली नसती. एक शंका उरते. एका तालुक्यात वर्षभरात होणारे प्राणघातक अपघात इतके थोडे असतात की त्यांतील चढउतारावरून काही म्हणता येईल का? आणि नाकाबंदीची जागा निरीक्षक ठरवतात, ती यादृच्छिक कशी करावी?

म्हापशाचा संख्याशास्त्र शिक्षक

आपली शंका योग्य आहे; एका तालुक्यातील मृत्यूंवरून निष्कर्ष काढू नये. जागांचे म्हणाल, तर निरीक्षकांना मान्य असलेल्या आठ-दहा जागांची यादी त्यांच्याकडूनच घ्या आणि कोणत्या रात्री कोणती जागा, एवढेच चिठ्ठ्यांनी ठरवा. त्यांचा अधिकार अबाधित राहतो. अमेरिकेतील कॅन्सस सिटीत १९७२-७३ मध्ये १५ गस्त क्षेत्रांचे तीन गट करून एका गटातील नेहमीची गस्त बंद केली होती, एकातील दुप्पट-तिप्पट केली होती आणि एकात पूर्ववत ठेवली होती. गुन्ह्यांत किंवा लोकांच्या भीतीत लक्षणीय फरक पडला नाही. हे समजू शकले, कारण त्यांनी पोलिसांच्या नोंदींसोबत नागरिकांनाही स्वतंत्रपणे विचारले होते.

मृत्यूंऐवजी आपण एक प्रमाण मोजू शकाल. ठरावीक नियमाने, उदाहरणार्थ दर पाचवे वाहन, थांबवायचे आणि थांबवलेल्या वाहनांपैकी किती चालक मद्यपान केलेले आढळले ते पाहायचे. नाकाबंदी वाढली तरी हे प्रमाण आपोआप वाढत नाही. मात्र त्याच मोटार वाहन कायद्याच्या कलम २०३ नुसार श्वासचाचणीसाठी संशयाला सबळ कारण लागते, म्हणून नियम थांबवण्यापुरताच ठेवा आणि थांबवलेली वाहने, चाचणी झालेले चालक व मर्यादेपेक्षा अधिक मद्य आढळलेले चालक असे तीन आकडे स्वतंत्र लिहा. आपल्या नोंदवहीत बहुधा केवळ तिसरा असेल. पहिल्या दोघांचे रकाने निरीक्षकांच्या संमतीने हंगाम सुरू होण्यापूर्वी आखून घ्यावेत, कारण मागील महिन्यांसाठी ते नंतर भरता येणार नाहीत.