व्हिजिट व्हिसावर दुबई : शिलाई कारागिरांनी जावं का?

अशोक चौक (धागा सुरू करणारा)
आपल्याकडच्या युनिफॉर्मच्या कारखान्यांतल्या मशीन ऑपरेटरना एजंट गळ घालतात : "आत्ता व्हिजिटवर चल, तिथं गेल्यावर कंपनी व्हिसा करते." माझं मत, दहावी न झालेल्यानं असं अजिबात जाऊ नये. त्याच्या पासपोर्टच्या शेवटच्या पानावर ईसीआरचा, म्हणजे "परदेशी कामाला जायला सरकारी मंजुरी हवी" असा शेरा छापलेला असतो. १९८३ च्या कायद्याप्रमाणे यूएई (दुबई याच देशात), सौदी, कतार, कुवेत धरून १८ देशांत कामासाठी जायचं तर त्याला ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर मंजुरी लागते. व्हिजिटवर ती लागत नाही, म्हणून तर एजंटाला हा रस्ता आवडतो.

बाळीवेस
सरसकट नको म्हणू नका, अण्णा. यूएईत व्हिजिटवर जाऊन काम शोधणं गुन्हा नाही, परमिटशिवाय काम करणं गुन्हा आहे. मालकानं वर्क परमिट काढलं की देश न सोडता व्हिजिटचं स्टेटस कामाच्या व्हिसात बदलून मिळतं. छोटे टेलरिंगवाले मुंबईच्या एजंटाकडून माणूस मागवत बसत नाहीत. कारागिराला मशीनवर बसवतात, कॉलर-कफ लावून घेतात, हात बघून पगार ठरवतात. पासपोर्टवर ईसीआर नसेल, परतीचं तिकीट आणि दोन महिन्यांचा खर्च गाठीशी असेल, तर त्यानं का जाऊ नये?

जुळे सोलापूर
कॉलर लावून बघणं तासाभराचं काम. ती "ट्रायल" पंधरा दिवस चालली की ते विनापरवाना काम झालं, आणि पोरं नेमकी इथंच अडकतात. करार तिथल्या कामगार खात्यात नोंदलेला नसतो, त्यामुळे पगार बुडाला तर दाखवायला कागद नाही. परमिटविना माणूस ठेवणाऱ्या मालकाला २०२४ पासून १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे. तपासणी आली की मालक आधी "हा आमचा माणूस नाही" म्हणतो. व्हिसा संपला की रोज ५० दिरहम दंड चढतो तो वेगळाच. महिनाभरात दीड हजार दिरहम होतात, आणि ते भरल्याशिवाय परतीच्या विमानात बसता येत नाही.

दुसरं, विम्याचं. ईसीआरवाल्याला मंजुरीबरोबर प्रवासी भारतीय विमा काढावाच लागतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाखांचं संरक्षण. व्हिजिटवर गेलेल्याच्या मागे घरच्यांना यातलं काही मिळत नाही.

सौदीचं तर नावच काढू नका. तिथं व्हिजिटवरून कामाचा इकामा (राहण्याचा परवाना) होत नाही, परतच यावं लागतं.

बाळीवेस
सौदीचं मान्य. पण नोंदणीकृत एजंट तरी कुठं धुतल्या तांदळासारखे आहेत? कायद्यानं त्यांना ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० एवढंच घेता येतं. त्यावरचे पैसे ते रोखीनं मागतात. त्यापेक्षा तिकिटाला पैसे घातलेले बरे.

अशोक चौक
रोख मागितली तर पावती मागा, देत नसेल तर उठून या. ई-मायग्रेटच्या यादीत एजंटाचं नाव आणि परवाना चालू आहे का, हे फुकट बघता येतं. यादीत फक्त त्याच्या "मुंबईच्या साहेबां"चं नाव असेल तर हा सबएजंट. त्याला माणसं भरण्याचा अधिकारच नाही. आणि यूएईच्या कायद्यात भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला मालकाला बंदी आहे, हे पोरांना कुणी सांगत नाही.

विजापूर रोड
दोघांनाही एक सांगतो, आधी ईसीआर काढून टाका. दहावी पास असेल तर प्रमाणपत्र लावून पासपोर्ट रिइश्यूला टाकायचा. आयटीआयवर निघतो म्हणतात, पण त्याला दोन वर्षांचा मान्यताप्राप्त कोर्स लागतो. शिलाईचा ट्रेड एक वर्षाचा, त्यावर निघत नाही. शाळा सुटलेल्यांनी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्यावी.

बाळीवेस
त्यात वर्ष जातं. घरी हप्ते थकलेला माणूस वर्षभर थांबेल?

जुळे सोलापूर
थांबायची गरजच नाही. ईसीआर पासपोर्टवरही रीतसर जाता येतं. तिकीट काढण्याआधी दोन कागद हातात घ्यायचे : तिथल्या कामगार खात्याचं ऑफर लेटर, ज्यात मूळ पगार आणि भत्ते वेगळे लिहिलेले असतात, आणि एंट्री परमिट, म्हणजे त्या देशात शिरायचा परवाना. परमिटवर "एम्प्लॉयमेंट" लिहिलंय की "टुरिस्ट", तेवढी एक ओळ वाचायची. "टुरिस्ट" असेल तर पैसे द्यायचे नाहीत.