'पिढी' किती वर्षांची?

अनुवादिनी: एका लेखाचा अनुवाद करते आहे. मूळ लेखक घरातल्या आजी-आई-मुलीसाठी जो शब्द वापरतो, तोच १९८१ ते १९९६ दरम्यान जन्मलेल्या सगळ्यांसाठी, म्हणजे 'मिलेनियल'साठीही. मी दोन्हीकडे 'पिढी' लिहिलं. संपादकांनी दुसऱ्या ठिकाणी 'वयोगट' केलं आणि 'मिलेनियल'चं 'सहस्रकी'. मला दोन्ही पटत नाही.

काठावरचा: 'वयोगट' चूकच. वयोगटातून माणूस पुढे सरकतो, विशीतला तिशीत जातो. पिढी जन्मभर तीच राहते.

शुद्धमती: 'सहस्रकी' मात्र ठेवा. सावरकरांचा 'महापौर' आज कोणाला खटकतो? वापरला की रुळतो.

काठावरचा: महापौर पालिकेने पाटीवर लिहिला म्हणून रुळला. स्वतःला सहस्रकी म्हणवणारा मला अजून भेटायचाय.

भाचेबुवा: मुळात पिढी नात्याने ठरते, सालाने नाही. माझा धाकटा मामा माझ्याहून लहान. आम्ही एकत्र विटीदांडू खेळलो, तरी दसऱ्याला सोनं देताना मीच वाकायचो, कारण तो वरच्या पिढीतला. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यातही सपिंड नातं, म्हणजे लग्नाला वर्ज्य असलेलं जवळचं रक्ताचं नातं, असंच मोजतात. वडिलांकडून पाच पिढ्या, आईकडून तीन, मोजणी स्वतःपासून. जन्मसालाचा संबंधच नाही.

वऱ्हाडकर: मामाच्या पाया? आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो! भाच्याला वाकू देत नाहीत.

भाचेबुवा: म्हणजे तुमच्याकडे मान पिढीला नाही, नात्याला. हे नवीन कळलं.

माणदेशी: साल लावून पिढी सांगायची रीत मराठीत आहेच की. लघुनियतकालिकवाल्या लेखक-कवींना आपण १९६० नंतरची म्हणून साठोत्तरी पिढी म्हणतो, त्यांच्यानंतर नव्वदोत्तरी. तिथे कोण कोणाचा मामा? माझी हरकत उसन्या चौकटींना आहे. १९४६ ते १९६४चे 'बूमर' हे अमेरिकेचं मोजमाप. महायुद्ध संपलं, सैनिक घरी आले, तिथला जन्मदर चढला. आमच्याकडची खूण १९७२चा दुष्काळ. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेले, मदतीच्या सुकडीवर वाढलेले, लाल मिलोची, म्हणजे आयात ज्वारीची, भाकरी घशाखाली न उतरणारे, हे सगळे एका पिढीचे. त्याच वर्षी मुंबईत दूरदर्शन सुरू झालं, म्हणजे तिथली मुलं वेगळ्याच खुणेवर वाढली. एकाच साली जन्मले म्हणून दोघांना एका नावात कसं कोंबायचं?

शुद्धमती: मग 'बहात्तरी' म्हणा. छान शब्द आहे.

अनुवादिनी: पण माझ्या लेखात दुष्काळ नाही, मोबाईल आहे.

पाटावरची: 'पिढी'चं मूळ संस्कृत 'पीठिका', म्हणजे बसायची जागा. गावाकडे पाटाला अजून 'पिढं' म्हणतात. बाप उठला की मुलगा त्या जागी बसतो, म्हणून पिढी. तेव्हा भाचेबुवांचंच बरोबर.

काठावरचा: मुळात काय होतं यावरून आजचा अर्थ ठरवायचा? मग संगणकाच्या पिढ्या कोणाच्या पाटावर बसल्या?

वऱ्हाडकर: आणि सराफाची 'पेढी'? तीही बसायचीच जागा. पिढीजात पेढी म्हणतात ते एकाच मुळाचे दोन शब्द असणार.

पाटावरची: आवाज जुळले म्हणून मूळ जुळत नाही. पेढीचा जुना दाखला द्या, मग बोलू.