नाताळची तारीख, अंगाची लाही आणि पोटात बाळ: तुमचे अनुभव

मीनल_ब्रिस्बेन
काल दुकानात गेले तर ऑक्टोबर संपायच्या आत कापसाचा बर्फ चिकटवलेली झाडं मांडलेली. बाहेर ३३. त्या झाडाशेजारी एक पोटुशी मुलगी स्टँडफॅनच्या खोक्यावरचं बारीक अक्षर वाचत उभी. झालं, मला माझा डिसेंबर आठवला, इथे ऑस्ट्रेलियात तो ऐन उन्हाळा.

आमची तारीख २५ डिसेंबर दिलेली. आई पुण्याहून आली ती गोधड्या, लोकरीची टोपरी आणि "बाळंतिणीला वारा लागता कामा नये" हे वाक्य घेऊन. पंखा बंद, खिडक्या बंद, माझे कान बांधलेले आणि बाहेर सिकाडा किडे किर्र ओरडतायत. नाताळच्या सुट्टीत सगळे नवऱ्याचे मित्र समुद्रावर, आम्ही घरात इडलीसारखे उकडतोय.

खरी मजा धुरीची. आईने नारळाची शेंडी पेटवून वर ओवा टाकला. इथे क्वीन्सलँडमध्ये भाड्याच्या घरात २०२२ पासून सगळे स्मोक अलार्म एकमेकांना जोडलेले लागतात. एक बोंबलला की घरभरचे बोंबलतात. आई खुर्चीवर चढून पंच्याने वारा घालतेय, नवरा अर्ध्या चड्डीत फाटकापाशी शेजाऱ्याला "नो फायर, नो फायर", आणि बाळ ढिम्म झोपलेलं. त्या दिवसापासून खिडक्या उघडल्या त्या उघडल्याच :)

तुमचं लिहा. काय तयारी केलीत, काय फुकट गेलं?

पर्थचा_काका
धुरी काहीच नाही. आमच्या सासऱ्यांना शेगडी हवी होती, लेकीला शेक द्यायला. बनिंग्ज या हार्डवेअरच्या दुकानातून बार्बेक्यूचे कोळसे आणले, परसात मांडामांड केली आणि त्याच दिवशी टोटल फायर बॅन. बाहेर उघड्यावर काही पेटवायचं नाही. ३९ अंश होतं हो! बायको म्हणाली बाबा, मी नुसती अंगणात उभी राहते, शेक आपोआप बसेल.

सुगरण७
काका 😂 सासऱ्यांनी मग कोळशांचं काय केलं

पर्थचा_काका
पाडव्याला वांगी भाजली त्यावर. झकास भरीत.

वसईची_सून
आमच्याकडे उलटंच. वसईत नाताळात पहाटे गारवा आणि दुपारी घामाच्या धारा, त्यामुळे बाळाला दिवसातून किती वेळा कपडे बदलले विचारू नका. तयारी म्हणाल तर बाळाची कमी आणि नाताळचीच जास्त. घरात येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा करायचा, कंदील लावायचा, करंज्या तळायच्या. सासूबाईंनी मला पेंढ्याजवळ बसू दिलं नाही, "शिंका येतील, लवकर होशील". मी खुर्चीवर बसून हुकूम सोडत होते, मेंढरू डावीकडे, राजे जरा मागे. २४ ला रात्री सगळे चर्चमध्ये मिस्सेला निघाले आणि मला कळा. नवरा क्वायरमध्ये, फोन सायलेंटवर! शेवटी शेजारच्या रिक्षावाल्या दादांनी पोचवलं. मुलगी झाली. तोवर आळीत बोभाटा, येशूबाळ आलं म्हणून. मुलगी आहे सांगून सांगून तोंड दुखलं.

तेव्हा ज्यांची तारीख नाताळात आहे त्यांनी रिक्षावाल्याचा नंबर आधी घ्या, झबली नंतर.

मीनल_ब्रिस्बेन
फोन सायलेंटवर!! अजून ऐकवत असशील त्यांना.

वसईची_सून
दर २४ तारखेला.

डार्विनमधून_प्राची
मी वाचकच असते, आज लिहितेय. माझी तारीख २२ डिसेंबर, पहिलंच. आईचा व्हिसा अजून आला नाही. इथे आत्ता बिल्ड-अप चालू आहे, म्हणजे पाऊस येतो येतो म्हणतो आणि येत नाही, हवा चिकट. रात्री झोप नाही, पाय सुजून चपला बसत नाहीत. नाताळात सगळं बंद असणार, एसी रात्रभर चालवला तर बाळाला बाधेल का? नवरा म्हणतो बाधत नाही, आई फोनवर म्हणते बाधतो. वेड लागायची पाळी आलीय.

सुगरण७
प्राची मिठी गं. अळीव कुठे मिळतात तिथे?

परिचारिका_मेलबर्न
प्राची, आधी पायांचं. दिवसभर उभं राहून संध्याकाळी सूज येणं नेहमीचं. पण तोंड किंवा हात अचानक सुजले, डोकं थांबेना, डोळ्यापुढे चमकायला लागलं तर सण आहे म्हणून थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. रात्री शंका आली तर हेल्थडायरेक्ट १८०० ०२२ २२२, नाताळला पण नर्स उचलते.

एसी चालतो. झोत थेट बाळावर नको इतकंच. हात-पाय गार लागले तरी घाबरू नका, मानेमागे किंवा छातीला हात लावून बघायचं. घाम आलेला किंवा तापलेलं लागलं तर एक कपडा काढा. झोपवताना पाठीवर, पांघरूण सैल नको, आणि घरात टोपरं अजिबात नको. बाळाची बरीच उष्णता डोक्यातून बाहेर पडते. आज्या माझ्यावर चिडतात, चिडू देत. प्रॅमवर कोरडा कपडा पांघरून फिरतात बरेच जण, आत भट्टी होते. आणि वरचं पाणी द्यायचं नाही सहा महिने, उकाडा असला तरी. जास्त वेळा पाजा. पाणी तुम्ही प्या.

सॉरी, ड्युटीवर आहे, पळते.

डार्विनमधून_प्राची
थँक यू ताई. आईला हे सगळं वाचून दाखवलं. टोपऱ्यावर येऊन अडली आहे. चार विणून ठेवलीत म्हणे.

पर्थचा_काका
जुलैच्या थंडीत घाल म्हणावं. पण तुमच्याकडे जुलैतही ३० असतं नाही का. मग नारळाला घाला.

म्हापशेकर
आमचो गांव म्हापसा. नाताळ ते ३१ म्हणजे अर्धा देश गोव्यात. तारीख २८ होती, बायकोचं नाव बांबोळीच्या हॉस्पिटलात घातलेलं. एरवी अर्ध्या तासाचा रस्ता, त्या दिवसांत काय सांगता येत नाही, भाड्याच्या गाड्याच गाड्या. म्हणून २३ लाच पणजीत मावशीकडे जाऊन राहिलो. बॅग, फाइल, पंचे, सगळं मावशीकडे. शेजारच्या कॅथलिक आंटीने दोदोल आणि नेवऱ्यांचा डबा तिथे पोचवला. बायकोला शुगर निघालेली, तिला एकही नाही. बाप झालो तोवर डबा मी संपवला होता. मुलगा चार जानेवारीला आला, आरामात, रस्ते मोकळे झाल्यावर.

ठाण्याची_मधुरा
चार जानेवारी! नशीबवान आहात. माझा ३० डिसेंबरचा. शाळेला वयासाठी ३१ डिसेंबरची अट, त्यामुळे कायम वर्गातला सगळ्यात लहान. सासूबाई डॉक्टरांना विचारत होत्या दोन दिवस ढकलता येईल का!! डॉक्टर म्हणाले, काकू, ही लोकल नाही.

विचारवंत_नाशिक
याला सरकार जबाबदार आहे. कटऑफ जूनच ठेवायला हवा होता.

ठाण्याची_मधुरा
इथे नको ना प्लीज. वेगळा धागा काढा.

नेहा_सिंगापूर
आम्हाला बारा महिने ३१-३२ त्यामुळे नाताळचं कौतुक नाही, डिसेंबरात उलट पाऊस. वाळत घातलेली दुपटी वाळायचीच नाहीत. लंगोट तर विचारूच नका, इस्त्री करून करून हात मोडले. मशीन ड्रायर आधीच घ्या, पाळण्याच्याही आधी. पाळण्यात तशीही झोपत नाहीत पोरं.

मीनल_ब्रिस्बेन
+१ पाळणा. आमच्या पाळण्यात अजून इस्त्रीचे कपडे असतात.
प्राची, कॅप्सूल, म्हणजे बाळाची कारसीट, बसवून घेतलीस का गाडीत? आत्ताच वेळ घे. आणि उन्हात उभ्या गाडीत त्याच्या बकलला हात लावून बघ आधी, चटका बसतो. आम्ही वर ओला नॅपकिन टाकून ठेवायचो.

डार्विनमधून_प्राची
शनिवारची वेळ मिळाली. नवरा आत्ताच यूट्यूब बघून स्वतः बसवतो म्हणतोय.

पर्थचा_काका
बसवू दे. शनिवारी तो माणूस येऊन काढून परत बसवेल.

सुगरण७
अहो, अळिवाचं कोणी सांगेल का? आणि डिंकाचे लाडू कस्टममधून जातात का? माझ्या नणंदेचं फेब्रुवारीत आहे, सिडनीला.

मीनल_ब्रिस्बेन
आईने आणलेलं सगळं कस्टमच्या कार्डावर लिहून दिलं होतं. काही सोडलं, काही ठेवून घेतलं. लपवू नका मात्र, दंड जबर असतो. अळीव इथल्या भारतीय दुकानात मिळतात, गार्डन क्रेसच्या नावाने.

सुगरण७
गार्डन क्रेस!! दोन वर्षं मी ते रोपांचं बी समजत होते. थँक्स, नणंदेला कळवते. काका, त्या भरितात दाणे घातले होते का?