पांढरी कड आणि तरंगणारी आजी

फोटोतला माणूस कापून दुसऱ्या फोटोत लावताना इरेझरने मागचं खोडलं तरी केसांभोवती पांढरी कड राहते, असं तुम्ही लिहिलंय. इरेझर सोडाच, लेअर मास्क वापरा, म्हणजे चित्राच्या थरावर (लेअरवर) चढवलेला, हवा तो भाग झाकणारा मुखवटा. त्यावर काळा ब्रश फिरवला की भाग लपतो, पांढरा फिरवला की परत येतो. मूळ चित्र शाबूत. गिंप या फोटो-संपादनाच्या प्रोग्रॅममध्येही आहे, फुकट. माणसाभोवतीची निवड (सिलेक्शन) एक-दोन पिक्सेल आत घेऊन किंचित फेदर द्या, म्हणजे कड मऊ करा. केसांना मात्र मऊ ब्रशच.

मी असंच फोटोत आजीला इथे इंदूरच्या राजवाड्यापुढे उभं केलं होतं. वाड्यावर ऊन तिरपं, आजी ट्यूबलाइटखालची! कड स्वच्छ, पण काकू म्हणाली, "आई हवेत तरंगताहेत का रे?" मग पायांखाली वेगळ्या लेअरवर, मल्टिप्लाय मोडमध्ये (यात खालचं चित्र गडद होतं), धूसर सावली काढली तेव्हा कुठे आजी जमिनीवर आली.