अनुभव धागा : ब्लॉग सर्चमध्ये दिसावा म्हणून प्लगिन टाकलं, मग पुढं काय झालं?

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या तालमींवर मी दोन वर्षं झाली लिहितोय, वर्डप्रेसवर. साठेक लेख झालेत. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, तिथल्या गल्ल्या, तालमीतली माती, जुने वस्ताद, गणपतीच्या मिरवणुका असं सगळं. लिहिणं होतंय पण गुगलवर तालमीचं नाव टाकलं तरी माझा लेख येत नाही, नकाशा येतो, व्हिडिओ येतात, माझं कुठंच नाही. चार महिन्यांपूर्वी मित्र म्हणाला एसईओचं प्लगिन टाक, म्हणजे लेख सर्चमध्ये वर यावा यासाठी वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर. टाकलं. रोज रात्री जेवण झाल्यावर बसून लेख कसा जमलाय ते दाखवायला प्लगिन लावतं ते लाल दिवे एकेका लेखाचे हिरवे करत गेलो, साठच्या साठ हिरवे झाले, आणि फरक शून्य.

म्हणून हा धागा काढतोय. कुठलं प्लगिन एक नंबर याची यादी नको, ती कुठंही मिळते. मराठीत लिहिणाऱ्यांनी स्वतःच्या ब्लॉगवर काय केलं, काय सुधारलं, काय बिघडलं ते सांगा. सर्व्हिस विकणाऱ्यांनी कृपया राहू द्या.

पायताण
दादा, आमचं घर सुभाषनगरात, तीन पिढ्या चपलांचं काम. मी चपलांवर लिहिते, विक्री भाऊ बघतो.

मला प्लगिनचा सगळ्यात मोठा उपयोग झाला तो दिव्यांचा नाही, एका छोट्या रकान्याचा. एसईओ टायटलचा. म्हणजे लेखाचं शीर्षक तुमच्या मनातलं तसंच राहतं आणि सर्चमध्ये दिसायला वेगळं लिहिता येतं. माझ्या एका लेखाचं नाव होतं 'बाभळीच्या सालीचा वास'. कातडं कमावायला बाभळीची साल आणि हिरडा वापरतात, लहानपणापासून घरात तोच वास म्हणून ते नाव, मला ते बदलायचं नव्हतं. पण असं कोण शोधणार? मग सर्च कन्सोल, म्हणजे आपली साइट सर्चमध्ये कशी दिसते ते सांगणारं गुगलचं साधन, जोडलं, त्यातल्या परफॉर्मन्समध्ये लोक काय टाइप करून येतात ते बघितलं तर 'ओरिजिनल कोल्हापुरी चप्पल कशी ओळखायची', 'चप्पल भिजली तर काय करायचं', 'कापशी चप्पल म्हणजे काय' असले प्रश्न. यातला पहिला प्रश्न तसाच्या तसा एसईओ टायटलमध्ये टाकला, आणि हे महत्त्वाचं, लेखात त्याचं उत्तर आधी नव्हतं ते चार परिच्छेद घालून लिहिलं. शिलाई, तळ, वादी, रंग, २०१९ ला मिळालेलं जीआय टॅग (त्या भागाचाच माल असल्याची सरकारी नोंद), सगळं. दीड-दोन महिन्यांनी तो लेख वर यायला लागला. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमधल्या चपलांवरून गदारोळ झाला तेव्हा महाराष्ट्राबाहेरचे लोकपण शोधत आले, ते रोमन अक्षरांत टाइप करून. तेव्हापासून प्रत्येक लेखाच्या मेटा डिस्क्रिप्शनमध्ये, म्हणजे सर्चमध्ये शीर्षकाखाली दिसणाऱ्या मजकुरासाठी, मी साध्या मराठीत दोन ओळी स्वतः लिहिते. गुगल कधी त्या दाखवतं, कधी लेखातलंच दुसरं वाक्य उचलतं, ते आपल्या हातात नाही. पण दाखवतं तेव्हा लोक क्लिक करतात.

मास्तर_करवीर
हिरव्या दिव्यांबद्दल मला बोलायलाच पाहिजे कारण मी त्यात माझे चांगले लेख खराब केलेत. मी इतिहास शिकवतो. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला ५० टक्के जागा राखीव ठेवण्याचा हुकूम काढला त्यावर एक लेख लिहिला होता, मेहनतीनं. प्लगिनमध्ये फोकस कीवर्ड, म्हणजे लोक ज्यानं शोधतील ते शब्द, टाकला 'शाहू महाराज आरक्षण'. प्लगिन म्हणतंय हा शब्द लेखात एकदाही नाही! कसा असेल, मी लिहिलं होतं शाहू महाराजांनी, महाराजांच्या, आरक्षणाचा, आरक्षणाला. मराठीत नाम नुसतं उभं राहतच नाही, प्रत्यय लागतोच, आणि कोल्हापूरचं तर कोल्हापुरात होताना मधला ऊसुद्धा ऱ्हस्व होतो. माझ्याकडच्या प्लगिनला मराठीचं हे व्याकरण कळत नव्हतं, ते फक्त जसाच्या तसा शब्द मोजत होतं. मग मी दिवा हिरवा व्हावा म्हणून अकरा ठिकाणी 'शाहू महाराज आरक्षण' हे तीन शब्द कोंबले. एका माजी विद्यार्थ्यानं फोन केला, सर हा लेख तुम्हीच लिहिलाय का? मला फार वाईट वाटलं.

सगळं काढलं, जुना लेख परत आणला. दिवा आजही लाल आहे, लेख सर्चमध्ये व्यवस्थित येतो. ते दिवे प्लगिनवाल्यांचे, गुगलला दिसतसुद्धा नाहीत. तीच गोष्ट कीवर्डच्या रकान्याची, मेटा कीवर्ड आम्ही क्रमवारीसाठी वापरत नाही असं गुगलनं २००९ मध्येच जाहीर केलंय, तरी अजून लोक तिथं चाळीस-चाळीस शब्द भरत बसतात. तर दादा, तुम्ही साठ लेख हिरवे करताना वाक्यं बदलली असतील तर आधी ती परत आणा. वर्डप्रेसमध्ये रिव्हिजन्स, म्हणजे लेखाच्या जुन्या प्रती, असतात, बहुतेक सापडतील.

खासबाग_ते_कोडिंग
सर शंभर टक्के सहमत.

माझा मुद्दा लेखाच्या पत्त्याचा, म्हणजे लिंकच्या शेवटच्या भागाचा, त्याला स्लग म्हणतात. मराठीत लिहिणाऱ्या ९० टक्के लोकांना हे माहीतच नसतं बघा. वर्डप्रेस शीर्षकावरून आपोआप लिंक बनवतं आणि स्लगला २०० ची मर्यादा आहे. इंग्रजीत २०० अक्षरं म्हणजे लई झाली. पण देवनागरीचं एक अक्षर लिंकमध्ये टक्क्याची चिन्हं लावून लिहिलं जातं, त्याला ९ जागा लागतात, आणि काना, वेलांटी, उकार, पाय मोडलेलं चिन्ह हे सगळं वेगवेगळं मोजतात. म्हणजे २२ च्या आसपास चिन्हं झाली की कात्री. माझ्या 'खासबाग मैदानातली जुनी कुस्ती' या लेखाची लिंक 'खासबाग-मैदानातली-जुनी-कु' इथं तुटली होती. व्हॉट्सॲपवर पाठवली की टक्के-आकड्यांची अर्धा स्क्रीन रांग, समोरचा माणूस व्हायरस समजून उघडतच नाही. गुगलला देवनागरी लिंक चालते, तिथं अडचण नाही, पण माणसाला चालली पाहिजे ना. आता मी स्लग हातानं लिहितो, दोन-तीन शब्द, रोमन अक्षरांत.

पण जुन्या लेखांचे पत्ते बदलताना मी माती खाल्ली. नुसता स्लग बदलला तर वर्डप्रेस जुना पत्ता लक्षात ठेवतं आणि वाचकाला नव्यावर पाठवतं. मला ते माहीत नव्हतं, मी जुने लेख डिलीट करून नवीन पोस्ट म्हणून टाकले. ऐंशी लेख. दुसऱ्या आठवड्यात येणारी माणसं अर्ध्यावर आली. मग रीडायरेक्शन नावाचं फुकटचं प्लगिन टाकलं, ते ४०४ ची नोंद ठेवतं, म्हणजे कोण कुठल्या मेलेल्या पत्त्यावर येऊन परत गेलं ते दिसतं. ती यादी समोर ठेवून एकेकाला ३०१, म्हणजे नव्या पत्त्यावर कायमचं पाठवणारी सूचना, लावत गेलो, तीन रविवार गेले. हे प्लगिन मी आता कुणाच्याही ब्लॉगवर पहिल्या दिवशी टाकतो.

गुजरी_कॉर्नर
थोडक्यात सांगतो. माझ्याकडं एकाच वेळी दोन एसईओ प्लगिन चालू होती, एक साइट करून देणाऱ्यानं टाकलेलं आणि एक मी. प्रत्येक पानावर डिस्क्रिप्शन दोन, कॅनॉनिकल (पानाचा खरा पत्ता सांगणारी ओळ) दोन, साइटमॅप (सगळ्या पानांची यादी) दोन. एक कुठलंही ठेवा, योस्ट ठेवा नाहीतर रँक मॅथ ठेवा, पण एकच. काढायच्या आधी इम्पोर्टचा पर्याय वापरा, लिहिलेली टायटलं जात नाहीत. आणि नुसता साइटमॅप पाहिजे असेल तर २०२० च्या ५.५ आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्येच आहे, त्यासाठी वेगळं प्लगिन लागत नाही.

चटणीवाल्या_काकू
मला यातलं तांत्रिक कळत नाही पण अनुभव सांगते. माझा ब्लॉग रेसिपींचा आहे, तांबडा पांढरा रस्सा, वर्षाची चटणी, खांडोळी, आमच्या सासूबाईंच्या हातचं सगळं. भाच्यानं रेसिपीचं प्लगिन टाकून दिलं, त्यात साहित्य वेगळं, कृती वेगळी, किती वेळ, किती माणसांना असे रकाने असतात. आधी मी सगळं गोष्टीसारखं सलग लिहायचे. रकाने भरल्यावर काही दिवसांनी सर्चमध्ये माझ्या रस्स्याचा फोटो आणि वेळ दिसायला लागली, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा डोळ्यात पाणीच आलं. पण गोष्ट मी काढली नाही हं, ती खाली तशीच असते.

दुसरं, माझे फोटो. मोबाइलवर काढलेला फोटो तसाच चढवायचे, एकेक पाच-सहा एमबीचा, आणि एका रेसिपीत पंधरा. गावाकडं रेंज कमी असली की पान उघडायचंच नाही. बहिणीनं आजऱ्याहून फोन केला, अगं तुझं ते उघडतंय कुठं, चपाती करपली माझी. भाच्यानं फोटो लहान करणारं प्लगिन टाकलं, फोटो वेबपी या हलक्या प्रकारात जातात म्हणे, शिवाय कॅशिंगचं एक, म्हणजे पान आधीच तयार ठेवणारं. तो सांगतो की पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट अडीच सेकंदांच्या आत दिसली तर गुगल चांगलं धरतं. माझं आधी अकरा सेकंद होतं, आता तीनच्या घरात आहे. बहिणीकडं उघडतं, मला तेवढं पुष्कळ.

डीटीपी_शाहूपुरी
काकूंचा अनुभव वाचून बरं वाटलं. माझा जरा वेगळा आहे पण कोल्हापुरात छपाईच्या धंद्यातली लई माणसं आहेत, त्यांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो.

वडील स्थानिक अंकांतून लिहायचे, ऊस, गुऱ्हाळं, पंचगंगेचा पूर यावर. ते गेल्यावर त्यांचे शंभरावर लेख ब्लॉगवर टाकायचं ठरवलं. सगळे माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर होते, जुन्या डीटीपी फॉन्टात. मी ते कॉपी केले, ब्लॉगवर पेस्ट केले आणि एका फॉन्टच्या प्लगिननं तोच फॉन्ट साइटला लावला. वाचायला एकदम सुंदर. एसईओ प्लगिनही टाकलं, साइटमॅप गेला, लेख इंडेक्सही झाले, म्हणजे गुगलच्या नोंदीत आले. आणि वर्षभर एक माणूस सर्चमधून आला नाही. गुऱ्हाळ शोधा, चिपाड शोधा, काही नाही. शेवटी मीच आमच्या लेखाचं सर्चमधलं रूप बघितलं तेव्हा कळलं, तिथं सगळी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसत होता. जुन्या फॉन्टात 'क' हा 'क' नसतोच, कुठल्यातरी इंग्रजी अक्षराला 'क' चं चित्र चढवलेलं असतं. माणसाला चित्र दिसतं, गुगलला खालचं अक्षर. वडिलांचे शंभर लेख जगासाठी मराठीत नव्हतेच.

कन्व्हर्टरनं युनिकोड केले, म्हणजे सगळीकडं ओळखल्या जाणाऱ्या खऱ्या मराठी अक्षरांत आणले, मग प्रत्येक लेख वाचून दुरुस्त केला, कारण रफार सरकतो, वेलांटी मागंपुढं होते, जोडाक्षरं फुटतात. सगळ्यात त्रास ऱ्य ने दिला. 'दुसऱ्या' मधला तो र दोन पद्धतींनी लिहिता येतो, दिसायला सेम, आतून वेगळा. सगळीकडं एकच पद्धत केली. सात महिने लागले. २०१९ च्या पुरानंतर लोक जुन्या पुरांबद्दल शोधत होते, तेव्हा हे लेख तयार असते तर किती जणांनी वाचले असते असं राहून राहून वाटतं. २०२१ ला परत पाणी आलं तेव्हा मात्र ते सापडले, शिरोळकडच्या दोघातिघांनी मेल केली की तुमच्या वडिलांनी लिहिलेली खूण आमच्या घराच्या भिंतीवर अजून आहे.

पन्हाळा_पावनखिंड
एकच सांगतो, प्लगिनची पैसे देऊन मिळणारी आवृत्ती फुकट मिळाली तर घेऊ नका. मी एका ग्रुपवरून घेतली होती. जुलैमध्ये, ऐन पावनखिंडीच्या पदभ्रमंतीच्या दिवसांत, माझ्या ब्लॉगच्या नावाखाली सर्चमध्ये जपानी भाषेतली शेकडो पानं दिसायला लागली, कसल्यातरी मालाच्या जाहिराती. सर्च कन्सोलमध्ये माझ्याशिवाय अजून एक अनोळखी मालक. अपडेटच्या आधीचा बॅकअप होता म्हणून वाचलो, तो परत लावला, पासवर्ड सगळे बदलले, तो मालक काढला, ती पानं उतरायला पावसाळा संपला. फुकटच्या अधिकृत आवृत्तीत ब्लॉगपुरतं सगळं मिळतं ओ.

राजारामपुरी_सातवी_गल्ली
सेटिंग्जमध्ये रीडिंग, तिथं तळाला सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये असं सुचवणारा एक चौकोन आहे. माझ्या साइटचं काम चालू असताना कुणीतरी टिक केला आणि काढायचा राहिला. आठ महिने. सगळ्या उपायांच्या आधी तेवढं बघा.

रंकाळाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार, तीन दिवस एकेक करून बघत होतो.

चौकोन रिकामाच होता. लिंका बऱ्याच तुटलेल्या निघाल्या, त्या हळूहळू करतो. सर्च कन्सोल आजवर जोडलंच नव्हतं, ते जोडलं तर आज आकडे आले. साठातले एकतीस लेख 'क्रॉल केले, सध्या इंडेक्स केलेले नाहीत' यात, म्हणजे गुगलनं बघितले पण नोंदीत घेतले नाहीत. ते एकतीस उघडून बघितले आणि कारण मला दिसलं. त्यात आहेत आठ-दहा फोटो आणि खाली दोन ओळी, तालमीचं नाव आणि पत्ता. फोटोंना पर्यायी मजकूर, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारी ओळ, तीसुद्धा नाही. वस्तादांनी तासतासभर सांगितलेलं मी ऐकून आलो आणि लिहिलंच नाही, दिव्यांच्या मागं लागलो. मास्तर, तुम्ही म्हणालात तशी कोंबलेली वाक्यं काढली, बावीस लेखांत सापडली.

काल संध्याकाळी परत एका तालमीत गेलो, वस्ताद आता थकलेत पण मातीत काय काय घालतात ते सगळं सांगितलं, ताक, तेल, हळद, लिंबू, कधी आणि किती. ते आज लिहून काढलं, शीर्षकाखाली वस्तादांच्याच शब्दांत.

डीटीपीवाले दादा, तुम्हाला एक विचारायचंय. त्याच तालमीच्या स्मरणिकेची सीडी मिळालीय, जुन्या फॉन्टातली, दोनशे पानं आहेत. ऱ्य सगळीकडं एकसारखा करायला तुम्ही फाइंड रिप्लेस वापरलं की हातानं केलं? आणि आकडे कन्व्हर्ट होताना बदलतात का, कारण त्यात पैलवानांची वजनं आणि सालं आहेत.

डीटीपी_शाहूपुरी
आकडे बदलतात, हमखास. सीडी घेऊन दुकानात या, रविवार सोडून कधीही. मूळ छापील प्रत असेल तर तीपण आणा, सालं त्याच्याशी ताडून बघू.